लाल बंगला

‘हात खाली!’

एवढं म्हणून बाई टेबलावर थाप मारायच्या. तुम्ही म्हणाल, ऐकू न येणाऱ्या मुलांपुढे टेबल बडवून काय उपयोग? पण धक्का बाकांपर्यंत पोचायचा आणि बाकाखाली चाललेले हात पटकन मांडीवर यायचे. वर्तकनगरजवळच्या आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत तेव्हा हातवाऱ्यांना बंदीच होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं. बाई तर त्यात फारच कडक. ‘हात बोलायला लागले की तोंड आळशी होतं,’ असं त्या येता-जाता ऐकवायच्या. पोरांनी त्यांचं नावही हातानंच ठेवलं होतं, हवेत एक जोरदार थाप.

मी तिथे शिवण शिकवायचे. मला त्यांची भीतीच वाटायची, खोटं कशाला सांगू!

एका मे महिन्यात कल्याणच्या एका कॉलेजात शाळकरी मुलांसाठी आठवडाभराचं अंतराळ शिबिर निघालं. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या शाळांना बोलावणं होतं, आम्हाला नव्हतं. बाई स्वतः जाऊन भांडून जागा घेऊन आल्या. मग घरोघरी फिरल्या. कोलशेतच्या सुगंधाची आई मासळीच्या टोपलीवरचा हात न काढता म्हणाली, ‘बाय, माजी पोर चंद्रावर जाऊन काय करनार? म्हावरा त हितंच इकायचा हाय.’

‘चंद्रावर नाही हो, कल्याणला. डबा तेवढा द्या,’ बाई म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. हॉलचे पडदे ओढले, दिवे घालवले आणि स्लाइड्स सुरू झाल्या. अंधारात ओठ दिसणार कसे? शिबिर चालवणारे तरुण सर तोंडावर पडद्याचा जेमतेम उजेड घेऊन बोलत होते. आमची मुलं माना लांब करकरून बघत होती. शेवटी दिवे लागले. ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर सुगंधा उभी राहिली. तोंडानं, एकेक अक्षर जोर लावून तिनं विचारलं, ‘यान... उतरलं... तो बंगला... कुणाचा?’

सगळा हॉल हसला. ते हसणं तिला ऐकू आलं नाही, पण दिसलं. ती गपकन खाली बसली.

सरांनी बाईंना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता हो, पण म्हणाला, ‘उद्यापासून तुमची मुलं बाहेर व्हरांड्यात रॉकेटची चित्रं रंगवू देत. त्यांनाही बरं पडेल.’

‘उद्याचा दिवस द्या. नाही जमलं तर मीच घेऊन जाईन त्यांना,’ बाई म्हणाल्या.

परतताना आमची बस शीळफाट्याला अडकली. बाई अचानक माझ्याकडे वळल्या. ‘अगं, आवाज न काढता मंगळ म्हण.’ मी ओठ हलवले. ‘आता बंगला म्हण.’ तेही म्हटलं. बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. ‘सारखंच दिसतं गं! पोरीनं बरोबर वाचलं. तोंडच खोटं बोललं.’ मागच्या बाकावर सुगंधा खिडकीकडे तोंड करून बसली होती. मुलं तिला हात लावून बोलवत होती, ती काही वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून मोठी बॅटरी आणली आणि माझ्या हातात दिली. ‘माझ्या हातांवर धर.’ दिवे गेले. बाई पडद्याखाली उभ्या राहिल्या आणि त्या उजेडात त्यांनी दोन्ही हात वर केले.

काय सांगू तुम्हाला! आमच्या मुलांची तोंडं उघडीच राहिली. इतकी वर्षं चोरून बोलणाऱ्यांना पकडता पकडता बाई त्यांची सगळी भाषा शिकून बसल्या होत्या. त्यांनी बोटं जुळवून छप्पर केलं, बंगला. मग आपल्या ठसठशीत कुंकवाला बोट लावलं, लाल. आणि पडद्यावरच्या मंगळाकडे दाखवलं. लाल बंगला! सगळ्यात जास्त सुगंधाच हसली.

‘बाई, त्या बॅटरीनं पडदा फिका दिसतोय,’ सर म्हणाले.

‘मग पडदा सरकवा. हात इथेच राहतील.’

पडदा सरकला. आठवडाभर माझा खांदा भरून यायचा आणि बॅटरी जरा ढळली की बाई अंधारातून डोळे वटारायच्या.

शेवटच्या दिवशी सुगंधा पुन्हा उभी राहिली. या वेळी ती हातांनी बोलली आणि बाई मोठ्यानं सांगत गेल्या. ‘ती विचारतेय, चंद्रावर हवा नाही, म्हणजे आवाज नाही. मग तिथे माणसं बोलतात कशी?’

‘रेडिओवरून,’ सर म्हणाले.

‘रेडिओ बिघडला तर?’

सर मोकळेपणानं हसले. ‘तर हातांनीच बोलावं लागेल. तिथे तू आम्हाला शिकवशील.’

कुणी तिला हसलं नाही. बाईंनी ते उत्तर हातांनी सांगितलं आणि चष्मा पुसायला बराच वेळ लावला.

जूनमध्ये शाळा उघडली. बाई वर्गात आल्याबरोबर सवयीनं सगळे हात लपले. बाईंनी टेबलावर थाप मारली. ‘हात वर!’ मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून खूप झापलं. बाहेर आल्यावर मी घाबरून विचारलं, काय म्हणाल्या? ‘काही ऐकू आलं नाही बाई मला,’ म्हणाल्या आणि वर्गाकडे निघाल्या. अशी धमक मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि दोन-तीन वर्षांतच आजारपणात गेल्या. त्यानंतर कधीतरी वर्तकनगरच्या बाजारात कुणीतरी माझा पदर ओढला. कडेवर लेक घेतलेली सुगंधा! घरचं विचारून झालं आणि तिनं हवेत ती जोरदार थाप मारली. बाई कुठे आहेत?

‘गेल्या,’ एवढंच म्हणायचं होतं. पण ती माझ्या ओठांकडे बघत होती आणि ओठांचा भरवसा नव्हता.

मी भाजीची पिशवी खाली ठेवली, कारण उत्तराला दोन्ही हात लागणार होते. बोटं जुळवून छप्पर केलं. कपाळाला बोट लावलं. मग वर दाखवलं.

सुगंधानं लेकीला खाली उतरवलं, आणि तिचेही दोन्ही हात वर गेले.