रखमाजी कुंभाराची जीभ

टेंभुर्णीपासून दोन कोसांवर, पूर्णेच्या काठी, पाझरवाडी नावाचे गाव होते. तेथील रखमाजी कुंभार हा पाषाणांचा संग्राहक होता. संग्राहक हा शब्द त्याने जन्मात ऐकला नसावा. "दगडं हायेत थोडी माझ्याकडं," एवढेच तो म्हणे. ती थोडी दगडे एकशे अकरा मडक्यांत नांदत होती, आणि प्रत्येक मडके त्याने आतल्या दगडाच्या मापाने घडवले होते.

या संग्रहाचे मूळ साती आसरांपाशी, म्हणजे पाण्यातल्या सात देवींपाशी, होते. गावच्या पाण्यावर सत्ता आसरांची. विहीर खणताना काळ्या खडकाच्या उदरात कधी पोकळी लागे आणि तीत हिरवट, गुलाबी, दुधाळ स्फटिकांचे झुबके निघत. ते आसरांच्या घरचे धन. म्हणून पाणी लागले की विहिरीचा धनी ते नदीकाठच्या ठाण्यावर नेऊन ठेवी. चैत्री पौर्णिमेस ठाण्यावर जमलेल्या साऱ्या वस्तूंचा हर्रास होई. आधी चोळीचे खण, मग बांगड्या, नारळ, आणि सर्वांत शेवटी दगड. बोली ज्वारीची असे, आणि ती ज्वारी भंडाऱ्यात शिजे. हर्रास पुकारण्याचा मान महेमूदभाई पिंजाऱ्याकडे होता. त्याचा आवाज ऐकून पलीकडच्या काठावरची गुरे मान वर करीत.

आता जिभेविषयी. कुंभाराची माती जिभेवर ठरते. खारट लागली तर ती मडक्याच्या कामाची नव्हे, हे रखमाजीला बापाने शिकवले होते. हेच शास्त्र त्याने पुढे पाषाणांना लावले. नदीच्या दरडीत एकदा विटेएवढी, वळ्यावळ्यांची एक वस्तू सापडली. लोक तिला राक्षसाची दाढ म्हणत. रखमाजीने जीभ लावली, ती जुन्या हाडाला चिकटावी तशी चिकटली. त्यावरून ती दाढ असल्याचे त्याने मान्य केले, आणि राक्षसाविषयी आपले मत राखून ठेवले.

हर्रासातही तो हाच विधी पाळी. बोलीपूर्वी दगड दोन्ही हातांत घेई, कपाळाला लावी, आणि मग सावकाश चाटी. दगड उष्टा होई. उष्ट्या प्रसादावर दुसरा कोण बोलणार? महेमूदभाई नियमाने तीनदा पुकारी आणि एक पायली ज्वारीला दगड रखमाजीकडे जाई. असे वीस वर्षे चालले. यात कावा नव्हता. परीक्षा केल्यावाचून माती गाढवावर लादणे जसे त्याला अधर्म्य वाटे, तसेच हेही.

फसली सन तेराशे पंचेचाळीसच्या मार्गशीर्षात, दिवेलागणीला, आभाळात बैलगाड्यांची रांग पुलावरून जावी तसा गडगडाट झाला आणि साळूबाईच्या हरभऱ्यात नारळाएवढा काळा धोंडा येऊन रुतला. साळूबाईने तो पाटीत घालून ठाण्यावर नेऊन ठेवला आणि उरलेला हरभरा खुरपायला घेतला.

रखमाजीने दुसऱ्याच दिवशी चाकावर एक मडके चढवले. एकशे बारावे. भुईच्या पोटातले सारे त्याच्याकडे होते. भुईच्या वरचे काहीच नव्हते. भाजलेले ते रिते मडके त्याने उशापाशी ठेवले आणि चैत्राची वाट पाहू लागला. चार महिन्यांत त्याने धोंड्याला हात लावला नाही. तो अजून आसरांचा होता.

परंतु गावचे मोठे जमीनदार काकासाहेब यांची नवी माडी झाली होती, आणि तिच्या देवघरात आभाळातून आलेला देव असावा असे त्यांच्या मनाने घेतले होते. हर्रासाच्या दिवशी त्यांनी रखमाजीला सर्वांसमक्ष सांगितले, "बाकी समदं चाट, रखमाजी. ह्या धोंड्याला तुझी जीभ लागता कामा न्हाई."

"न्हाई लावत, मालक."

"शब्द?"

"शब्द. डोळ्यानं बघितलं तं चालंल न्हवं?"

"बघ. पण तोंड मिटून बघ."

रखमाजीने तोंड मिटून, धोंड्याभोवती तीन फेऱ्या घालून पाहिले.

बोली एका मणावरून निघाली. चार मणांवर रखमाजीची बायको चतुराबाई हिने त्याचा पंचा ओढला. "जल्दी बोला, काकासाहेब," महेमूदभाई ओरडला, "दगड म्हातारा हून राह्यला!" आठ मणांवर चतुराबाईने पंचा सोडला आणि शेजारणीला म्हणाली, "औंदा दगडाचं कालवण करीन म्हन्ते." रखमाजी बारा मणांवर थांबला. गावभरच्या घरांतून वर्षाचे बलुते त्याला तेवढेच मिळे. 

काकासाहेब तेरा म्हणाले. महेमूदभाईने तीनदा पुकारले आणि धोंडा त्यांच्या धोतराच्या ओच्यात पडला.

तेव्हा त्यांच्या थोरल्या भगिनी गोजरबाई, ज्या त्यांना धाकच घालीत आल्या होत्या, म्हणाल्या, "अरे, चार महिने उघड्यावर पडला हुता त्यो. लोहाराच्या भट्टीमागं असलं लोखंडाचं काळं कीट ढिगानं पडलंय. कुणी अदलाबदल केली असंल तं तू जलमभर कीट पुजशील की रं."

काकासाहेबांचा हात ओच्यात थबकला. सर्वांनी रखमाजीकडे पाहिले. पाषाणाविषयी दुसरे विचारायचे कोणाला? 'कीट हाय' एवढे दोन शब्द तो बोलता, तर धोंडा तेथेच टाकला जाता आणि त्याच्या मडक्यात येता. हे चतुराबाईला कळले. तिने नवऱ्याकडे पाहिले. रखमाजीनेही तिच्याकडे पाहिले. त्यालाही कळले होते.

"खरा हाय, मालक," तो म्हणाला.

"कशावरून?"

"कोपऱ्याला टवका गेलाय, तिथं बघा. वर काळी साल, नखाएवढी जाड. आत राखेवानी कच्चा. कीट असतं तं आरपार वितळलं असतं. ह्यो वरनंच भाजलाय. ज्यानं कुणी भाजला त्याला लई घाई हुती."

वीस वर्षांत गावाने रखमाजीचा निवाडा जिभेवाचून कधी ऐकला नव्हता. काकासाहेबांना तो अपुरा वाटला.

"जीभ न लावता सांगून राह्यला?"

"लावू नको, तुमीच म्हणाल्ता."

"आता मीच म्हणतो, लाव."

"उष्टा हुईल."

"ते मंग बघू! खरा हाय का न्हाई, ते आधी बराबर कळू दे."

"मालक, एकदा लावली की—"

"लाव म्हणतो ना!"

रखमाजीने हात धुतले. धोंडा कपाळाला लावला. मग डोळे मिटून, त्या टवक्याच्या जागी, जीभ लावली. नेहमीपेक्षा वेळ लागला. गोजरबाईंनी मध्ये एकदा खाकरून पाहिले.

"खरा हाय," तो म्हणाला.

काकासाहेबांची मुद्रा प्रसन्न झाली आणि तितक्यातच काळवंडली. टवक्यावरचा ओला डाग उन्हात सुकत होता. तो पूर्ण सुकेपर्यंत ते त्याकडे पाहत उभे राहिले. सुकल्याने काही पालटले नाही. "ने तुझं उष्टं," अखेर ते म्हणाले. त्यांच्या तेरा मणांचा भंडारा त्या वर्षी तीन दिवस चालला, आणि रखमाजीने आपल्या रिवाजाप्रमाणे एक पायली त्यात घातली.

घरी धोंडा एकशे बाराव्या मडक्यात बेताचा बसला. चतुराबाई बराच वेळ जवळ उभी होती. दगडाला तिने आजवर बोट लावले नव्हते. आज तिने तो काढला, पदराने पुसला, जिभेला लावला, आणि जपून परत ठेवला.

"काय लागतं?" रखमाजीने विचारले.

ती विचार करून म्हणाली, "बारा मणांचं न्हाई लागत."