दादाचा एकसारखा कीबोर्ड

फुकट मिळणाऱ्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, कॉम्प्युटर कोणत्याही कंपनीचा असो, कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या जागा एकसारख्या असाव्यात, यासाठी माझा थोरला भाऊ अकरा वर्षं राबला. पगार शून्य. 'ळ' कुठे बसवायचा यावरून तो कधी न भेटलेल्या माणसांशी दोन वर्षं ईमेलवर भांडला. घरातला कोणता दिवा कोणत्या बटणाने लागतो, हे मात्र त्याला अजून ठाऊक नाही.

शेवटी त्याची मांडणी मंजूर झाली. जुनी मांडणी निवडायची सोयही त्याने हट्टाने काढायला लावली.

"जुन्या माणसांचं काय?" वहिनीने विचारलं.

"सवय लागायला हवी," दादासाहेब म्हणाले.

रविवारी त्याने नवी मांडणी स्वतःच्या कॉम्प्युटरवर घातली, तो बंद करून पुन्हा चालू केला आणि ऐटीत आपला मराठी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. पासवर्ड दादाला कधी पाठ नव्हताच. तो बोटांना पाठ होता, आणि बोटं जुन्याच जागांवर पडत होती. जुन्या मांडणीचा तक्ता त्याने जपून ठेवला होता, त्याच कॉम्प्युटरच्या आत.

"आता काय करू?" त्याने घाम पुसत विचारलं.

वहिनीने इस्त्री थांबवलीसुद्धा नाही. "सवय लागायला हवी," ती म्हणाली.