आमच्या साडूंची मोजदाद

आमच्या साडूंशी पाच मिनिटं बोलून जो गोंधळत नाही, त्याने त्यांचं बोलणं नीट ऐकलेलंच नसतं. मी बँकेच्या बदलीने जयपूरला आलो, प्रताप नगरात बिऱ्हाड केलं आणि दर रविवारी विद्याधर नगरातल्या या गृहस्थांच्या तावडीत सापडत गेलो. ते खगोलशास्त्रज्ञ; आकाशातल्या दूरदूरच्या रेडिओ दीर्घिका आणि क्वेसार, म्हणजे दीर्घिकांचे झगझगीत गाभे, मोजतात. जितकं लांबचं तितकं जुनं; म्हणून जवळ किती, लांब किती हे मोजलं की विश्व कसकसं बदलत गेलं ते कळतं म्हणे. मी मान डोलावतो. घरी पोचेपर्यंत लांबचं जुनं की जुनं लांबचं, एवढाच घोळ डोक्यात उरतो.

मोजायचं तर निवडायचं नाही, हा त्यांचा बाणा. भेंडीसुद्धा ते न निवडता घेतात. "साहब, ये वाली तो सड़ी हुई है," असं भाजीवाल्यानेच एकदा हटकलं, तर निवडलं की नमुना बिघडतो हे यांनी त्याला हिंदीत समजावलं. तेव्हापासून तो बिचाराच यांच्यासाठी निवडून देतो. दुसरी काळजी क्षीण दीर्घिकांची. ठळक त्या आपोआप मोजल्या जातात, क्षीण राहून जातात आणि सगळं गणित चुकतं, हे त्यांनी मला निदान वीसदा सांगितलं असेल.

सासरे गेल्यावर सासूबाईंनी सांगलीचं घर बंद करून कुणाकडे राहावं, यावर आमच्याकडे बैठक बसली. दोघी बहिणी हक्काने भांडल्या, मीही मधे मधे बोललो आणि सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असं ठरलं. साडू म्हणाले, मोजणी अपुरी आहे. मला वाटलं, आले पुन्हा क्वेसार. पण ते उठून सासूबाईंशेजारी जाऊन बसले. विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. क्षीण असेल तर दुर्बीण एकाच जागी रोखून थांबावं लागतं, एवढंच मला म्हणाले. मी चहा ठेवायला गेलो.

चौथ्या दिवशी मटार सोलता सोलता सासूबाई बोलल्या. "जावईबापू, मला माझ्या घरी जायचंय. तिथे मी रडले तरी कुणी घाबरत नाही."

दोघी बहिणी रुसल्या. साडूच सासूबाईंना सांगलीला सोडून आले. साडूंची स्वतःची आई त्यांच्या लहानपणीच गेलेली, आणि सासूबाईंसाठी यांनी खालची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती, हे मेहुणीने मला नंतर सांगितलं. आमच्याकडेच राहा, असं बैठकीत का बोलला नाहीत, असं मी साडूंना विचारलं.

"मी बोललो असतो तर त्या राहिल्या असत्या," ते म्हणाले.

त्यांचं बोलणं मला एका दमात कळलं, असं प्रथमच झालं.