पूजेतही चालू

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेतले सगळे कॉम्प्युटर बंद करून त्यांची पूजा करतात. एक मात्र चालूच ठेवतात. स्फटिक तपासण्याच्या यंत्राला जोडलेला तो जुना कॉम्प्युटर एकदा बंद केला तर पुन्हा सुरू होईल, याची कुणालाच खात्री नाही. त्या यंत्राला दुसरा कॉम्प्युटर चालत नाही आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली.

आमच्यातली सर्वांत सीनियर मानसीताई हळदीकुंकू घेऊन पुढे झाली, तसे सर म्हणाले, "अगं, जपून! आत कुंकू गेलं तर पीएचडी गेली."

"माझी झाली, सर. आता हिची जाईल," ती माझ्याकडे बघत म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

झेंडूची एक सुटी पाकळी त्या कॉम्प्युटरच्या पंख्याच्या वाऱ्याने थरथरत होती. तिच्याकडे बघताना वाटलं, काहीतरी नवं शोधायचं म्हणून मी इथे आले होते. पण माझे बहुतेक दिवस या आजाऱ्याच्या उशाशी बसण्यातच गेले. तो आज चालला, एवढ्याचाच आता आनंद होतो, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटते.

आरती झाली. मी डोळे मिटून हात जोडले. माझी निम्मी रीडिंग्ज अजून बाकी आहेत. तेवढी होईपर्यंत टिक रे, एवढंच त्याला म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा यंदाच आलेली मीनल शेजारी अजून हात जोडून उभी होती. तिचं तर पहिलं रीडिंगही व्हायचं आहे.