वेस्ना की वेसण

मुलीचं नाव वेस्ना ठेवायचं, हे मी बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

आखातात, गुदैबियाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक सर्बियन बाई राहायची. मुलांना पोहायला शिकवायची. मला आठव्या महिन्यातच, भर दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा शिफ्टवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी तिचं दार वाजवलं. तिनं ओल्या केसांनीच गाडी काढली आणि नवरा पोचेपर्यंत हॉस्पिटलात माझा हात सोडला नाही. वेस्ना हे तिचं नाव. तिच्या भाषेत वसंत ऋतू. हल्ली तिकडेही हे नाव क्वचितच ठेवतात, असं ती म्हणायची.

सासूबाईंना कराडला व्हिडिओ कॉल केला.

“काय म्हणालीस? वेसण?”

“वेस्ना, आई.”

“तेच ते! अगं, बैलाच्या नाकात घालतात ती. पोरीला असलं नाव?”

नवरा हसला. मी फोन त्याच्या हातात देऊन आत निघून गेले.

हट्टानंच मी नोंदणीचा अर्ज टाइप करून घ्यायला गेले. अरबीत ‘व्ह’ नाही. टायपिस्टनं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं, “फेस्ना. खलास?” मी म्हटलं, थांबा. कागद घेऊन परत आले.

त्या संध्याकाळी बाळाला घेऊन समोर गेले. शेजारणीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नाव ऐकून ती खुर्चीत बसलीच. डोळे भरून आले तिचे. मग म्हणाली, “तुमच्या भाषेत कसं वाटतं ते?”

खोटं बोलवेना. बैल, नाक, दोरी, सगळं सांगितलं. ती इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. तिनं त्याला खांद्यावर घेतलं आणि शांत झाल्यावर म्हणाली, “नको ठेवूस. मी इथे अकरा वर्षं माझं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगते आहे. मी परक्या देशात आले, मला चालतं. हिला स्वतःच्या आजीलाही तसंच सांगायला लागेल.”

“मग तुझं म्हणून हिला काय देऊ?”

“अर्थ घे की. वसंत तुमच्याकडेही येतो ना?”

मला वाईट वाटलं, पण ती बरोबर बोलत होती.

वासंती ऐकून सासूबाई म्हणाल्या, “हे तर माझ्या मावशीच्या काळातलं!” पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला, “आमची वासंती दूध पिते का गं नीट?”

शेजारणीला मात्र ते कधीच जमलं नाही. ‘वा-सान-ती’ म्हणायची, आणि कुणी जवळ नसलं की सरळ वेस्ना. लेक दोन्हींना ओ द्यायची.

गेल्या वर्षी शेजारीण कायमची तिच्या गावी गेली. जाण्याआधीच्या आठवड्यात तिनं लेकीला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तोंडानं बुडबुडे सोडायला शिकवलं. मी काठावर टॉवेल धरून उभी होते. लेक बाहेर यायलाच तयार नव्हती.