तीन बोटं

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तिला सगळ्या मुकी म्हणत. बोलता यायचं तिला, पण गरज पडल्याशिवाय तोंड उघडायची नाही. उजव्या हाताला तीनच बोटं. सहा वर्षांची असताना सुतार बापाच्या करवतीखाली दोन गेली होती. सासरी हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या शेजारीच बसून खोकी चिकटवणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनाही.

कारखान्यात तेव्हा बायकांचे दोन तट होते. पुठ्ठा कापणाऱ्या बायका खळ लावणाऱ्यांना 'चिकट्या' म्हणायच्या, एका बाकावर डबा खायच्या नाहीत. पुठ्ठा कापायच्या कटर यंत्राला जाळी हवी म्हणून संप पुकारला, तोही फाटकाच्या दोन बाजूंना वेगवेगळं उभं राहून. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने जाऊबाईंवर दांडकं उगारलं आणि मुकीने अडवायला हात वर केला. मागच्या बायकांना तेवढा हातच दिसला. कोणीतरी दोन बोटं मिटून तसाच हात वर केला, मग दहा जणींनी, मग सगळ्यांनी. दुपारी कापणाऱ्या आणि चिकट्या एकाच सतरंजीवर बसून एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या.

मुकीची बोटं कटरने खाल्ली, ही गोष्ट कोणी काढली कोण जाणे. ती कामाला लागली तेव्हाच हात तसा होता, हे चिकट्या सोयीने विसरल्या. जाऊबाई गप्प राहिल्या. मुकीही. आयुष्यात पहिल्यांदाच बायका सरकून तिला जागा देत होत्या.

महिन्याने, संप चालूच असताना, चौकशीला सरकारी साहेब आला. कामगारांना चेहऱ्यानेही न ओळखणाऱ्या मालकाने सगळं खापर कटर चालवणाऱ्या म्हाताऱ्यावर फोडलं. त्याच्याच हलगर्जीपणाने बोटं गेली, आजच काढून टाकतो म्हणाला. म्हाताऱ्याला काही आठवेना. आपणच विसरलो असू असं वाटून तो सगळ्यांसमोर रडायला लागला. मुकीला ते बघवेना. यंत्र नव्हतं, घरची करवत होती, असं तिने सांगून टाकलं.

घरी जाऊबाईंनी तिचं ताट वाढलं नाही.

"खरं काय ते मला ठाऊक नव्हतं होय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ती बोटं आता तुझी एकटीची नव्हती गं. चारशे बायकांची होती."

"म्हाताऱ्याची नोकरी जात होती, जाऊबाई."

"जाऊ द्यायची होती."

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी पोचली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून तीन बोटं वर केली. रांगेच्या टोकाला म्हाताराही होता. त्याला तिथेच दिवस काढायचे होते. त्याने आपली दोन बोटं नीट मिटून घेतली आणि पाठ फिरवली.

संप जिंकला. कटरला जाळी बसली. कामावर परत घ्यायच्यांची यादी आता पुढारी झालेल्या जाऊबाईंनी केली, तिच्यात मुकी नव्हती. मालकाचीही त्याला हरकत नव्हती.

मुकी आता लोकांच्या इमारतींचे जिने धुते. दोन वर्षांनी तिची लेक जाऊबाईंच्या शब्दावर कारखान्यात लागली. तू कोणाची गं, असं बायकांनी विचारलं, तेव्हा पोरीने थोरल्या काकूची म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तिने ते आईच्या कानावरही घातलं, म्हणजे उद्या कोणी विचारलंच तर आईनेही तेच सांगावं.