कमरेएवढा वाफा

यांना हल्ली वाकवत नाही आणि फारसं आठवतही नाही. पण माती दिसली की हात शिवशिवतात, म्हणून गच्चीवर कमरेएवढा विटांचा वाफा बांधून घेतला. तो सगळा मातीने भरणं परवडेना. मग तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीतली चिपाडं आणि सुका पाला घातला. वर फक्त वीतभर माती. मेथी आम्ही दोघांनी मिळून पेरली.

आज पाहते, तर सगळे कोवळे कोंब उपटलेले.

"बाई, तण फार माजलं होतं तुमच्याकडे," ते अदबीने म्हणाले. लग्नापासून त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

रिकामा वाफा कशानेही भरतो. माणूस आतून रिता होऊ लागला, तर त्यात काय घालायचं?

मी त्यांचे हात धुतले.

"उद्याही येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या," मी म्हटलं.